तिसऱ्या मजल्यावरचं मतदान

संपतराव शिर्क्यांनी उभ्या आयुष्यात न वाचता एकाही कागदावर सही केली नव्हती. केली ती एकदाच, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, बडोद्याच्या तरसाली भागातल्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर, आणि त्या एका सहीने ते पुरते अडकले.

छत्तीस वर्षं त्यांनी कोठी कचेरीत जमिनीचे कागद सांभाळले होते. त्यांच्या टेबलावर कागद गेला की लोक खाली जाऊन निवांत चहा पिऊन यायचे. पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचून झाल्याशिवाय शिर्केसाहेब पेनाचं टोपण काढणार नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. स्वतःच्या लग्नाची पत्रिकासुद्धा त्यांनी तीनदा तपासली होती आणि सासऱ्यांना तिथी दुरुस्त करायला लावली होती. चिमणाबाई पुढे पन्नास वर्षं त्यावरून त्यांची टिंगल करत राहिल्या.

मग असा माणूस न वाचता सही कशी करेल? तर त्यांना दिसतच नव्हतं. डावा डोळा मोतीबिंदूने कधीच गेलेला आणि उजव्याने दिसायचं ते ओल्या काचेतून दिसावं तसं. हे त्यांनी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. चिमणाबाई डोळ्याच्या ऑपरेशनलाच गेल्या होत्या. ऑपरेशन झकास झालं, पण तिथेच साखर चढली, एकातून एक निघत गेलं आणि दीड महिन्यात त्या गेल्या. तेव्हापासून आपल्या डोळ्याला कोणी हात लावायचा नाही असं संपतरावांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. त्यात गेल्या हिवाळ्यात ते जिन्यात घसरले आणि मनगट मोडलं. मुलगा विक्रमसिंह म्हणाला, "बाबा, आता एकट्याने खाली उतरायचं नाही. मी बरोबर असेन तेव्हाच." लिफ्ट नसलेला तिसरा मजला. विक्रमसिंहाला सवड म्हणजे दिवाळीचा पाडवा. डोळ्यांचं कळलं असतं तर गॅलरीचं दारही बंद झालं असतं, म्हणून म्हातारा मूग गिळून बसला आणि रोज सकाळी चष्मा लावून पेपर समोर धरू लागला.

त्यांची चोरी पकडली ती एकट्या ऋचाने. विक्रमसिंहाची ही धाकटी, बारावी झालेली, परदेशी शिकायला जायच्या परीक्षेचे क्लास करणारी. आजोबा तिला रोज म्हणायचे, "वाच गं जरा मोठ्याने, तुझं गुजराती कच्चं राहिलंय." तिचं गुजराती त्यांच्या मराठीपेक्षा पक्कं होतं. चौथ्या दिवशी तिने पेपर वाचता वाचता मध्येच विचारलं, "आजोबा, मी कुठल्या रंगाचा ड्रेस घातलाय?"

"निळा," संपतराव म्हणाले.

"हा ने," ऋचा म्हणाली, आणि तिने पुढची बातमी वाचायला घेतली. ड्रेस पिवळा होता. तिने कोणाला सांगितलं नाही, फक्त त्या दिवसापासून ती त्यांच्या ताटात काय कुठे वाढलंय ते हळूच सांगायला लागली.

पेपर वाचणं हे निमित्त. खरं म्हणजे संपतरावांना देशाबद्दल बोलायला कोणीतरी हवं असायचं. या घरात तो विषय वर्ज्य होता. विक्रमसिंह कारखान्यांना साफसफाईची माणसं पुरवायचा, शिवाय वॉर्डातल्या दोन बागांचं काम त्याच्याकडे होतं, आणि वॉर्डातल्या भाईंच्या मर्जीवाचून त्या बागांत गवतही उगवत नसे. हे भाई कोण, कुठल्या पक्षाचे, याला इथे महत्त्व नाही. असे भाई प्रत्येक वॉर्डात एकेक असतात आणि कधी कधी पक्ष बदलूनही भाईच राहतात. वर्षापूर्वी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संपतरावांनी बोलून एक निरोप टाकला होता. तुंबलेल्या गटारापासून सुरुवात झाली आणि आपण मतं देतो ती टाळ्या वाजवायला का, असं विचारून तो संपला. सभ्य भाषेत, चांगला चार मिनिटांचा. संध्याकाळी विक्रमसिंहाला फोन आला. त्याने थेट वडिलांच्या मोबाइलमधून तो ग्रुपच काढून टाकला.

"बाबा, तुम्हाला काय, तुमचं पेन्शन येतं," तो म्हणाला. "मला इथे धंदा करायचाय. फोगट माथाकूट नको."

त्याचंही चुकत नव्हतं. म्हणूनच संपतरावांना जास्त घुसमटायला व्हायचं. खलनायक समोर असता तर भांडता आलं असतं. समोर होता तो दोन वेळच्या गोळ्या आठवणीने देणारा पोटचा मुलगा.

तर तो कागद. मार्चअखेरीला विक्रमसिंह घाईत घरी आला, टेबलावर कागद ठेवला आणि बोट टेकवून म्हणाला, "बाबा, इथे सही." संपतरावांना वाटलं पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला असेल. कागद डोळ्यांजवळ नेला असता तर बिंग फुटलं असतं. त्यांनी चष्मा नीट केला, वाचल्यासारखी मान वरून खाली फिरवली, बेताने वेळ घेतला आणि सही ठोकली. पंधरा-वीस दिवसांनी नाश्ता करताना विक्रमसिंह म्हणाला, "पुढच्या रविवारी तुमचं मत घ्यायला माणसं घरी येणार, बाबा. पंच्याऐंशीच्या वरच्यांना सरकारने सोय केलीय. सरस काम थयुं ने?"

संपतरावांनी कप खाली ठेवला. "मी शाळेत जाऊन मत देणार."

"आता नाही जाता येणार. एकदा घरचं घेतलं की केंद्रावर चालत नाही, फॉर्मवर लिहिलं होतं. तुम्ही वाचूनच सही केलीत ने?"

सून राजेश्वरीने पोळी लाटता लाटता मागे वळून पाहिलं. ऋचाचा घास हातातच राहिला.

"वाचूनच केली," संपतराव म्हणाले.

त्यांचं दुःख समजायचं तर त्यांच्या वडिलांपासून सुरुवात करावी लागते. हवालदार तुकोजीराव बडोदे संस्थानच्या फौजेत होते. संस्थान विलीन झालं तेव्हा संपतराव अकरा वर्षांचे होते. वडिलांनी पट्टा, तलवार आणि गणवेश जमा केला आणि शहरातल्या वाडी या जुन्या भागातल्या घरी येऊन दोन दिवस ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "आता हुकूम कोणाचा?" घरात कोणालाच उत्तर माहीत नव्हतं. दोन-तीन वर्षांनी पहिली निवडणूक आली. तुकोजीराव धुतलेलं धोतर नेसून, पगडी बांधून गेले, पडद्याआड जाऊन चिठ्ठी टाकली आणि तिथेच खाडकन टाच जुळवून सलाम ठोकला. आवाज बाहेरच्या रांगेपर्यंत आला. रांगेत सगळे हसले. आत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी होती, तेव्हा सलाम कोणत्या पेटीला, असं लोक त्यांना महिनाभर विचारत होते. "सगळ्या पेट्यांना," एवढंच ते सांगायचे. हुकूम आता कोणाचा ते त्यांना बहुतेक कळलं होतं.

संपतरावांनी पहिलं मत दिलं बासष्ट साली, आणि इलेक्शन ड्यूटी लागली ती वर्षं सोडली तर, वाडीत राहत होते तोवर प्रत्येक वेळी ते चिमणाबाईंना घेऊन वाडीतल्या शाळेत पायी गेले. येताना सेवउसळ खायची हा शिरस्ता. पहिल्या घासाबरोबर चिमणाबाईंनी विचारायचं, "कोणाला दिलंत हो?" आणि यांनी पाव बुडवत म्हणायचं, "मत गुप्त असतं, चिमणाबाई." विक्रमसिंह लहानपणी दोघांच्या मध्ये बसून हे ऐकायचा आणि हसून त्याला ठसका लागायचा. संपतरावांनी कोणाला मत दिलं ते चिमणाबाईंना अखेरपर्यंत कळलं नाही. आम्हालाही ठाऊक नाही आणि विचारण्यात अर्थ नाही.

"पण घरी दिलं काय, शाळेत दिलं काय, मत तर तेच ने?" ऋचाने दुसऱ्या दिवशी पेपर बाजूला ठेवून विचारलं.

"रांग कुठेय घरात?"

"तुम्हाला रांग आवडते?"

"त्या एका दिवसाची आवडते. कचेरीत आमच्या कलेक्टरसमोर कोणी खुर्चीवर बसत नसे. एकदा मतदानाला मी पाहिलं, साहेब उभे आणि त्यांच्या पुढे रस्ता झाडणारी बाई. ती मागे सरकायला लागली तर साहेबच म्हणाले, तुझा नंबर आधी आहे, बेन. देश म्हणजे मला तरी तेवढंच कळलंय, ऋचा. बाकी भाषणं असतात." मग ते म्हणाले, "आता म्हाताऱ्यांचं मत घरी, आणि तुमच्यासारखी पोरं विमानात. मग रांगेत राहणार कोण? ज्यांना फोन येतात ते."

"आजोबा, तुम्ही सकाळी सकाळी फार डिप्रेसिंग बोलता."

"तू नको जाऊस मग."

ऋचाने पेपर पुन्हा उचलला. तिच्या क्लासची फी भरून झाली होती. संपतरावांना लगेच वाईट वाटलं. देशाचं ओझं सतरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर ठेवून मोकळं होणं हे काही बरं नव्हे. ज्यांनी देश चालवला, बिघडवला, त्या पिढीत आपणही होतो, हे ते स्वतःशी कबूल करत असत.

पण घरच्या मतदानाची धास्ती वेगळीच होती, आणि ती त्यांनी ऋचालाही सांगितली नव्हती. नियम त्यांना पाठ होते. मतदाराला दिसत नसेल तर त्याच्या वतीने खूण करायला एक सोबती घेता येतो. रविवारी डोळ्यांचं उघड झालं की तो सोबती घरातलाच कोणी होणार. आणि विक्रमसिंहाने भाईंना शब्द दिला होता, आमच्या घरातली सगळी मतं पक्की. हे त्याने फोनवर दिवाणखान्यातच सांगितलं होतं, वडील चार हातांवर बसलेले असताना. संपतरावांचं मत त्या शब्दात बसत होतं की नव्हतं, हा प्रश्नच नाही. ते त्यांचं होतं आणि आजवर त्यावर दुसऱ्याचा हात पडला नव्हता.

शिवाय ऐंशी सालची एक म्हातारी त्यांच्या मनातून कधी गेली नव्हती. नर्मदेकाठच्या एका गावात ते केंद्राध्यक्ष होते. दुपारची वेळ, दाराबाहेर लांब रांग, आणि मुलाचा हात धरून एक आंधळी डोशी आत आली. मुलगा म्हणाला, मी मारतो शिक्का. डोशी म्हणाली, "साहेब, मारे मारा हाथे मारवुं छे. तमे खाली मारो हाथ त्यां मूको." शिक्का मीच मारणार, तुम्ही माझा हात फक्त योग्य जागी ठेवा, एवढंच तिचं मागणं. पण हात ठेवायचा म्हणजे कोणावर, ते तिने सांगायला हवं आणि यांनी ऐकायला हवं. नियमात ते बसेना, आणि नियमात बसवायची वाट शोधायला तेव्हा त्यांना सवड नव्हती. "दीकराने करवा दो, माडी," मुलालाच करू दे, असं म्हणून त्यांनी मुलाच्या हातात शिक्का दिला. बाहेर पडताना डोशीने विचारलं, "क्यां मार्यो?" कुठे मारलास? मुलगा म्हणाला, "तें कह्युं त्यां ज." तू सांगितलंस तिथेच. ती तशीच वळून टेबलापाशी आली, आवाजाच्या दिशेने तोंड करून म्हणाली, "साहेब, तमे जोयुं?" तुम्ही पाहिलंत?

"मत गुप्त होय, माडी," संपतरावांनी सांगितलं होतं. रांगेतले दोघंतिघं हसले. तेही हसले होते, ही गोष्ट त्यांना आज सगळ्यात जास्त टोचत होती.

रविवार यायला पाच दिवस होते. संपतरावांनी कंबर कसली. ऋचाकडून त्यांनी उमेदवारांची यादी मोबाइलवर शोधून घेतली, अनुक्रमाने दोनदा वाचून घेतली आणि पाठ केली. आपला आकडा कितवा ते तिला सांगितलं नाही. मग तिला कागदावर स्केचपेनाने जाड रेघा मारून रकाने करायला लावले. गॅलरीच्या दाराशी भर उन्हात कागद नाकाजवळ धरला की रेघा धूसर का होईना दिसायच्या. ती कोणताही आकडा सांगायची, मग वरून मोजत यायचं, अंगठा टेकवायचा, उजवीकडच्या चौकोनात खूण. पहिल्या दिवशी दहापैकी चार चुकले. शनिवारी दहाच्या दहा बरोबर आले. ऋचाने टाळी दिली आणि म्हाताऱ्याने त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

रविवारी अकराला माणसं आली. एक तरुण शिक्षिका, एक कारकून, एक पोलीस आणि एक व्हिडिओ काढणारा. राजेश्वरी स्वतः म्युनिसिपल शाळेत शिकवायची, तिचं त्याच दिवशी निवडणुकीचं ट्रेनिंग होतं, ती सकाळीच गेली होती. विक्रमसिंहाने सगळ्यांना थंडगार छास दिली आणि वडिलांच्या खांद्यावर इस्त्रीचा शर्ट सारखा केला. संपतरावांचा चेहरा कचेरीतला होता.

"दादा, आम्ही पुठ्ठ्याचा आडोसा इथे ठेवतो," शिक्षिका गुजरातीत म्हणाली आणि तिने तो आतल्या कोपऱ्यात, फ्रिजशेजारच्या टेबलावर मांडला.

"गॅलरीपाशी ठेवा ना. उजेड आहे."

"समोरच्या बिल्डिंगमधून दिसेल, दादा. गुप्तता राहायला हवी ने?"

तिचं अगदी बरोबर होतं. त्या खुर्चीवर ते स्वतः असते तर त्यांनी हेच केलं असतं. संपतराव उठले, आडोशापाशी बसले आणि मतपत्रिका हातात घेतली.

कागद गुळगुळीत होता. त्यावर काही नव्हतं. म्हणजे असणार सगळं, नावं, चिन्हं, रकाने, पण त्या कोपऱ्यातल्या अंधुक उजेडात त्यांच्या डोळ्याला फक्त एक फिकट पांढरं दिसत होतं. छापलेल्या रेघा बारीक असतात हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. आयुष्यभर त्या रेघा हाताखालून गेलेल्या माणसाने सराव केला तो जाड स्केचपेनावर. त्यांनी कागद नाकाला टेकवला. अंगठ्याने चाचपला. अदमासाने खूण करता आली असती, पण ती दोन रकान्यांच्या मध्ये पडली तर मत बाद, आणि चुकीच्या जागी पडली तर त्याहून वाईट. पेन हातात धरून ते किती वेळ बसले कोण जाणे.

"दादा, देखाय छे ने?" शिक्षिकेने हळूच विचारलं.

दिसतं म्हणावं तर आंधळी खूण. नाही म्हणावं तर सगळंच उघडं. पोलीस घाम पुसत होता, व्हिडिओवाल्याने कॅमेरा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"नाही," संपतराव म्हणाले. "मला दिसत नाही. वर्ष झालं."

मग विक्रमसिंहाचा आवाज आला, "बाबा, म्हणजे तुम्ही रोज पेपर..." आणि तो मध्येच थांबला. त्याला बहुतेक तो मार्चमधला कागद आठवला.

"तर मग सोबती घ्या, दादा. घरातलं कोणी."

"ऋचा," संपतरावांनी पटकन सांगितलं. "माझी नात."

"बेटा, अठरा पूर्ण?"

"जूनमध्ये होतात," ऋचा म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "फक्त दोन महिने कमी आहेत, मॅडम."

शिक्षिकेने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर खरोखर वाईट वाटलेलं असावं, पण ते संपतरावांना दिसलं नाही. त्यांना एवढंच कळलं की आता खोलीत एकच माणूस उरला आहे, आणि त्या माणसाची पावलं आडोशाकडे येत आहेत.

विक्रमसिंहाला एका कागदावर सही करायची होती. मतदाराच्या सांगण्याप्रमाणे खूण करीन, ती कोणाला सांगणार नाही, आज दुसऱ्या कोणाचा सोबती होणार नाही. शिक्षिकेने कागद पुढे केला, त्याने टेबलावर वाकून लगेच सही केली. पान उलटल्याचा किंवा थांबल्याचा काही आवाज आला नाही. संपतराव कान देऊन बसले होते. वाचलं नाही याने, ते मनात म्हणाले, आणि मग त्यांना स्वतःचंच हसू आलं.

विक्रमसिंह शेजारी वाकला. त्याच्या शर्टाला साबणाचा आणि उन्हाचा वास येत होता. "सांगा, बाबा."

बासष्ट वर्षं जे कोणाला, बायकोलाही, सांगितलं नाही, ते संपतरावांनी मुलाच्या कानात सांगितलं. आकडा, मग नाव, मग पुन्हा आकडा. विक्रमसिंह क्षणभर हलला नाही. त्याचा श्वास त्यांना गालावर जाणवत होता. मग पेन कागदावर घासल्याचा आवाज आला, छोटासा, दोनदा. कागदाची घडी झाली, पाकिटात गेली, डिंक लागला.

"झालं, बाबा."

"कुठे केलीस?"

"तुम्ही सांगितलंत तिथेच."

नर्मदेकाठचं ते शाळेचं दालन संपतरावांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं, आणि ते मात्र त्यांना लख्ख दिसलं. त्यांनी शिक्षिकेकडे तोंड वळवलं. तिला विचारावं असं फार वाटलं. पण ती काय सांगणार ते त्यांना तिच्यापेक्षा जास्त चांगलं ठाऊक होतं. पाकीट पेटीत पडल्याचा हलका आवाज झाला आणि माणसं पुढच्या म्हाताऱ्याकडे निघून गेली.

त्या दिवसापासून घरातला कायदा बदलला. पेपर ऋचाने राजरोस वाचायचा, गॅलरीत एकट्याने जायचं नाही, मतदान आटोपलं की डोळ्यांच्या डॉक्टरकडे. विक्रमसिंह रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. एकदा फक्त त्याने विचारलं, "मला का सांगितलं नाहीत?" आणि उत्तराची वाट न बघता गोळ्या आणायला गेला. त्या रविवारी भाईंचा फोन आला होता. "हा, हा, बाबांचं झालं," एवढं संपतरावांनी ऐकलं. पुढचं बोलत तो जिन्यात गेला.

मतदानाच्या दिवशी राजेश्वरी दुसऱ्या टोकाच्या केंद्रावर ड्यूटीला होती, ऋचा सकाळपासून तिच्या आत्याकडे. विक्रमसिंह साडेआठला तयार झाला. "तासाभरात येतो, बाबा. तुम्ही उठून चालत जाल म्हणून बाहेरून कडी लावतोय, वाईट वाटून घेऊ नका." कडी लागली. मग जिन्यावर चपलांचे आवाज सुरू झाले. चौथ्या मजल्यावरचे पटेल, समोरची दोघं भावंडं, वरची विधवा मास्तरीण, एकेक करून सगळे खाली उतरत होते, हसत-बोलत, ऊन वाढायच्या आत. संपतराव दाराशी गेले आणि आतून दाराला हात लावून उभे राहिले. आवाज संपेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. रांग जिन्यातूनच गेली होती, त्यांच्या दारावरून, आणि त्यांच्या बोटाला शाईचा ठिपकासुद्धा नव्हता.

साडेदहाला कडी निघाली. विक्रमसिंहाच्या हातात पिशवी होती आणि तिखट रश्श्याचा वास दारातूनच आत आला.

"बाबा, सेवउसळ. वाडीतून आणलीय, जुन्या दुकानातून. मुद्दाम तिकडून आलो."

त्याने लक्षात ठेवलं होतं. तेवढ्यासाठी तो शहराच्या त्या टोकाला जाऊन आला होता. टेबलावर वाट्या मांडल्याचा आवाज झाला, शेव वरून पडली, पाव मोडला गेला. संपतरावांनी पहिला घास बुडवला आणि जसं काही विशेष नाही अशा आवाजात विचारलं, "विक्रम, त्या दिवशी खूण कुठे केलीस रे?"

रस्सा वाढणारा हात थांबला.

"आईला तुम्ही काय सांगायचात?" विक्रमसिंह म्हणाला. "मत गुप्त असतं, बाबा. सहीसुद्धा केलीय मी."

तो हसत म्हणाला की न हसता, ते आवाजावरून कळेना. संपतरावांनी त्याचा चेहरा बघायला मान वर केली. मागे गॅलरीचा उजेड होता, उजेडात त्यांच्या मुलाएवढा एक काळा आकार उभा होता, आणि तो सांगत होता, खाऊन घ्या, निवतंय.